हसणं, गाणं आणि बाहेर जाणारा श्वास

एक हात पोटावर ठेवा, बेंबीच्या जरा वर. सहज श्वास घ्या, मुद्दाम छाती भरून नको. आता मध्ये श्वास न घेता 'हा हा हा हा' म्हणत राहा, अगदी संपेपर्यंत. काही वेळाने हाताखाली पोट आत ओढलं जातं, बरगड्या खाली उतरतात. शेवटचे दोन-तीन 'हा' नुसते फुसफुसत बाहेर पडतात. आणि मग न बोलावता एक मोठा श्वास थेट तळापर्यंत आत येतो.

हसण्याचे आणि गाण्याचे फायदे सांगणारे लेख पुष्कळ असतात. पण ही दोन्ही कामं शरीराच्या दृष्टीने जवळजवळ एकच आहेत, हे त्यात क्वचित सांगितलेलं असतं. दोन्हींत श्वास बाहेर टाकायचा असतो, तोही नेहमीपेक्षा जास्त आणि नेहमीपेक्षा लांब. हे एकदा नीट कळलं की काय करायचं, किती करायचं, कुणी करायचं नाही, हे सगळं त्यातूनच सुचत जातं.

शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो, मिनिटाला १२ ते १८ वेळा. श्वास आत घ्यायला श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला पडद्यासारखा स्नायू, कामाला लागतं, पण बाहेर सोडायला काहीच कष्ट पडत नाहीत. ताणलेलं रबर सोडावं तशी फुप्फुसं आपली आपण आकसतात. त्यामुळे तळाशी लिटरभर हवा पडून राहते. ती बाहेर काढायची तर पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू आवळावे लागतात. मनापासून हसताना ते आपोआप आवळले जातात, सेकंदाला साधारण पाच झटक्यांनी. लांब स्वर धरताना तेच स्नायू सावकाश आवळत जातात. खुर्चीवर बसून दिवस काढणाऱ्या माणसाच्या या स्नायूंना एरवी दिवसभर काही काम नसतं.

दुसरी गोष्ट नाडीची. मनगटावर बोटं ठेवून हळू श्वास घेतला की ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना किंचित मंदावतात. तरुण माणसात हे बोटांना स्पष्ट कळतं, वय वाढेल तसा फरक कमी होतो. श्वास सोडताना व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाला सावकाश चालायला सांगते. म्हणजे श्वास सोडण्याचा वेळ वाढवला की विश्रांतीचा वेळ वाढला. इटलीतल्या ल्युचियानो बर्नार्डी यांच्या गटाने २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक सुंदर प्रयोग छापला. २३ जणांना त्यांनी लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्रही म्हणायला लावला. दोन धर्म, दोन भाषा, पण दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. रक्तदाब सांभाळणारी जी प्रतिक्षिप्त यंत्रणा आपल्या शरीरात असते, ती या गतीला जास्त तत्पर झाली. आपल्याकडे जप, हरिपाठ, ओंकार या सगळ्यांत एका दमात एक ओळ म्हणायची जी शिस्त आहे, तिचं शारीरिक मोल इथे आहे.

मिनिटाला सहा म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद. तीन-चार सेकंदांत श्वास नाकाने घ्यायचा आणि सहा-सात सेकंदांत 'ओम्' म्हणत सोडायचा. त्यात 'ओ' दोन सेकंद आणि बाकी सगळा 'म्'. बहुतेकजण उलट करतात, 'ओ' जोरात ताणतात आणि 'म्'ला दम उरत नाही. पण खरं काम 'म्'चंच. ओठ मिटून गुंजन केलं की नाकातली हवा थरथरते आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांमधली हवा हलती राहते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये मोजून दाखवलं की शांतपणे श्वास सोडण्याच्या तुलनेत गुंजन करताना नाकातून पंधरापट नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे त्या पोकळ्यांमध्ये तयार होणारा एक वायू, बाहेर येतो. त्याने सर्दी पळते असा अर्थ कुणी काढू नये. त्या पोकळ्यांची हवा बदलते, एवढाच त्याचा अर्थ. पाच मिनिटांत असे तीस श्वास होतात आणि सुरुवातीला तेवढे पुरतात. सात सेकंद जमत नसतील तर पाचवर थांबावं. ओढूनताणून लांबवलं की पुढचा श्वास धाप लागल्यासारखा आत येतो आणि सगळा हेतूच फसतो.

आता हसण्याकडे येऊ. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला गोल करून विनोद सांगायचे. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि जे उरले ते कुणाला ना कुणाला बोचणारे निघाले. तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकला आणि नुसतं हसणं ठेवलं. त्यांच्या पत्नी माधुरी योग शिकवायच्या, म्हणून मध्ये मध्ये श्वासाचे व्यायाम आले. आज पुण्यात नवचैतन्य हास्ययोग परिवारासारख्या संस्थेचे वर्ग बागाबागांत भरतात. मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्य दिन म्हणून पाळला जातो.

'शरीराला खरं हसू आणि खोटं हसू यातला फरक कळत नाही' हे वाक्य अशा वर्गांत हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. पोटाच्या स्नायूंना फरक पडत नाही हे कबूल. पण एकट्याने आरशासमोर दहा मिनिटं 'हा हा' करून बघा, सहाव्या मिनिटाला कंटाळा येईल. वर्गात खोटं हसू खरं होतं ते समोरच्याच्या डोळ्यांत पाहिल्यामुळे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने नोंदी ठेवून दाखवलं होतं की माणूस एकटा असण्यापेक्षा सोबतीत तीसपट जास्त हसतो. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या. त्याआधी आणि त्यानंतर दंडावर बर्फासारखी गार पट्टी किंवा रक्तदाबाचा फुगवलेला पट्टा बांधून वेदना किती सोसवते ते मोजलं. एकत्र हसून झाल्यावर सहनशक्ती वाढलेली आढळली. नुसतं प्रसन्न वाटणाऱ्यांमध्ये, न हसता, ती वाढली नाही. म्हणून ज्या वर्गात सगळे रांगेत उभे राहून पुढाऱ्याकडे तोंड करून हसतात, तिथे मेहनत पूर्ण होते पण फळ कमी मिळतं. गोलात उभं राहा.

सोसायटीत पंधरा-वीस जणांचा वर्ग चालवायचा असेल तर अर्धा तास भरपूर झाला. वेळ सकाळची, पोट रिकामं किंवा खाऊन दोन तास झालेले, आणि येण्याआधी लघवीला जाऊन यायचं. हे शेवटचं स्पष्टच सांगायला हवं. बाळंतपणं झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या अनेक बायका दोन-तीन दिवस येऊन गुपचूप बंद होतात, कारण जोरात हसताना थेंब-थेंब लघवी होते आणि ते कुणाला सांगता येत नाही. हसताना पोटातला दाब एकदम वाढतो, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल असतील तर ते तो पेलू शकत नाहीत. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच पाच सेकंद आवळून पाच सेकंद सैल सोडायचे, एका वेळी दहादा, दिवसातून तीन वेळा. असं दोन-तीन महिने नेटाने केलं की बहुतेकींना फरक जाणवतो. तोवर वर्गात तोंड मिटून हसावं. त्रास जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. यावर इलाज आहे, लाजायचं कारण नाही.

सुरुवात टाळ्यांनी. तळव्याला तळवा आणि बोटाला बोट असा पूर्ण हात भिडवून एक-दोन, एक-दोन-तीन या ठेक्यात 'हो हो, हा हा हा'. दोन-तीन मिनिटं. मग हात वर नेत श्वास, खाली आणत सोडणं, दोनदा. त्यानंतर हास्याचे प्रकार. एक प्रकार तीस-चाळीस सेकंद आणि लगेच दोन सावकाश श्वास. नमस्ते हास्यात हात जोडून एकेकाच्या समोर जायचं आणि डोळ्यांत बघून हसायचं. मोबाईल हास्यात कानाला हात लावून फिरायचं. लस्सी हास्यात दोन्ही हातांत दोन पेले आहेत असं समजून यातून त्यात 'एऽऽ' करत लस्सी ओतायची, परत 'एऽऽ' करत उलट ओतायची आणि मग डोकं मागे टाकून गटागटा पीत हसायचं. इथेच एक धोका आहे. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी डोकं मागे टाकू नये, चक्कर येऊन तोल जातो. त्यांनी हनुवटी सरळ ठेवून प्यावं. सिंह हास्यात जीभ पूर्ण बाहेर, डोळे मोठे आणि हातांचे पंजे. जबडा आणि गळा मोकळा करायला याच्यासारखा प्रकार नाही. कवळी सैल असेल तर ती आधी काढून डबीत ठेवावी. शेवटी मौन हास्य, तोंड उघडं पण आवाज नाही. असे सहा-सात प्रकार पुरेत. वीस प्रकार उरकायची घाई असते तिथे श्वास घ्यायलाच वेळ उरत नाही.

आणि श्वासाला वेळ मिळाला नाही की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण वर्गातला सर्वांत नेहमीचा घोटाळा हाच. लागोपाठ भरून श्वास घेतले आणि जोरात सोडले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. घाबरलेला माणूस आणखी भराभर श्वास घेतो, बाजूचे 'दीर्घ श्वास घ्या, दीर्घ श्वास घ्या' म्हणतात आणि त्रास वाढतो. त्याला खाली बसवा, बोलतं करा, तोंड मिटून नाकाने साधा श्वास घ्यायला सांगा. काही मिनिटांत उतरतं. छातीत दुखलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर मात्र ते हे नव्हे. तेव्हा १०८ ला फोन करायचा आणि माणसाला चालवायचं नाही.

हर्नियाचा त्रास आहे, नुकतंच पोटाचं, छातीचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालंय, रक्तदाब आटोक्यात नाही, मूळव्याधीतून रक्त जातंय, काचबिंदू आहे, हृदयविकाराचा झटका येऊन थोडेच महिने झालेत, गर्भारपणाचे शेवटचे महिने आहेत, फिट येतात, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरात हसण्याचे व्यायाम करू नयेत. घरात टीव्ही बघताना येणाऱ्या हसण्याला बंदी नाही. इथे प्रश्न आहे तो अर्धा तास मुद्दाम दाब वाढवण्याचा. यांच्यासाठी गुंजन आणि गाणं आहे. तिथेही जोर लावायचा नाही.

हास्यानंतर पाच मिनिटं बसून गुंजन आणि मग सात-आठ मिनिटं गाणं, असा क्रम ठेवला की हसण्याने वाढलेली नाडी खाली येते. पण बायका-पुरुष एकत्र गायला लागले की पट्टीचं भांडण होतं. पुरुषांची सवय पेटीच्या काळी एक किंवा दोनची, बायकांची काळी चार किंवा पाचची. पेटीवाल्याने आपली पट्टी धरली की निम्मा वर्ग नुसते ओठ हलवतो किंवा वरच्या सुरात घसा ताणतो. मान पुढे येते, शिरा फुगतात, दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. यावर उपाय म्हणजे मंद्र निषादापासून (खालच्या 'नी'पासून) पंचमापर्यंतच ('प'पर्यंतच) फिरणारी साधी भजनं निवडायची आणि पांढरी चारमध्ये षड्ज, म्हणजे 'सा', धरायचा. पाळी थांबल्यावर बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो, त्यामुळे साठीच्या पुढच्या बऱ्याच जणींना हा षड्ज झेपतो. फोनवर तानपुऱ्याची मोफत ॲप मिळतात, पेटी नसली तरी चालतं. तार षड्जाची (वरच्या 'सा'ची) हौस असेल तर ज्याला येतं त्याने ती ओळ एकट्याने म्हणावी.

हसण्याने कॅलरी जळतात हेही फार फुगवून सांगितलं जातं. दहा-पंधरा मिनिटं खरोखर हसलं तर १० ते ४० कॅलरी जास्त खर्च होतात. त्यात अर्धी पोळीसुद्धा जिरत नाही. नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाचं उदाहरणही नेहमी दिलं जातं. मणक्याच्या वेदनादायी आजारात दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप मिळते, असं त्याने लिहिलं. ते त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, पण ते एका माणसाचं निवेदन आहे आणि तो त्याच काळात क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होता. तसंच व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांचं. अमुक राग मधुमेहाला, तमुक राग डोकेदुखीला, अशी गोळीसारखी जोडी लावायला आधार नाही. शरीरावर परिणाम करतात त्या गाण्याची लय, आवाजाची पातळी आणि ते गाणं ऐकणाऱ्याच्या किती ओळखीचं आहे या गोष्टी. कुणी अशा याद्या वाचून रक्तदाबाची गोळी बंद केली असेल तर आजच परत सुरू करायला सांगा.

जिथे संगीत खरोखर औषधाच्या जवळ जातं ती जागा वेगळी आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं. डाव्या बाजूच्या मेंदूला पक्षाघात झाला की काहींची वाचा जाते. समोरचं बोलणं कळतं, काय म्हणायचंय तेही माहीत असतं, पण 'पाणी' हा शब्द ओठांवर येत नाही. हाच माणूस ओळखीची आरती सुरू झाली की शब्दांसकट म्हणतो. घरच्यांना वाटतं, मुद्दाम बोलत नाहीत. तसं नसतं. गाण्यात उजव्या मेंदूचा वाटा मोठा असतो आणि तो शाबूत असतो. १९७३ मध्ये बॉस्टनमधल्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी यावरून सुरातून बोलणं शिकवण्याची पद्धत मांडली. तिचं स्वरूप असं: रोज लागणारं छोटं वाक्य घ्यायचं, 'पाणी हवं'. दोनच सूर घ्यायचे, एक खालचा आणि एक थोडा वरचा, सा आणि कोमल गंधाराएवढ्या अंतराचे. बोलताना जिथे जोर येतो ते अक्षर वरच्या सुरावर. पा-णी-ह-वं, प्रत्येक अक्षराला रुग्णाचा डावा हात टेबलावर एकदा टेकवायचा. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग शिकवणाऱ्याने अर्ध्यावर आवाज काढून घ्यायचा, मग त्यांनी एकट्याने, आणि शेवटी 'काय हवं?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून. पुढे हळूहळू सूर सपाट करत साध्या बोलण्यावर आणायचं.

यात घरचे दोन चुका करतात. एक, अख्खी गाणी म्हणवून घेतात. आरती पाठ म्हणता आली तरी त्यातला शब्द सुटा काढून पाणी मागता येत नाही, त्यामुळे आठवड्याने सगळेच निराश होतात. दुसरी चूक घाईची: एका अक्षराला जवळपास एक सेकंद द्यावा लागतो, आपण बोलतो त्या गतीने सांगितलं की साखळी तुटते. हे काम वाचा-उपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रोज, आठवडेच्या आठवडे करायचं असतं. ज्यांना समोरच्याचं बोलणं समजतं पण स्वतः बोलता येत नाही अशांनाच ते लागू पडतं.

पार्किन्सनच्या रुग्णाची पावलं अडकतात तिथेही ठेका मदतीला येतो. आधी एक मिनिट नेहमीसारखं चालवून पावलं मोजा. समजा ८४ आली, तर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने टिकटिक करणारं ॲप, ८४ वर लावा आणि प्रत्येक टिकेला एक पाऊल. टाळाचा ध्वनी निवडता आला तर उत्तम, तो ओळखीचा असतो. आठवडाभर तेच जमलं की पाच टक्क्यांनी वाढवा, म्हणजे ८८. एकदम शंभरवर नेलं तर पावलं लहान आणि घाईची होत जातात, अंग पुढे झुकतं आणि माणूस तोंडावर पडतो. कुणीतरी शेजारी, किंचित मागे, चालायलाच हवं.

नुसतं ऐकण्याचाही उपयोग आहेच. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर आवडीचं संगीत ऐकवल्याने वेदना आणि धास्ती कमी होते, हे २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ७३ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं. गाणी रुग्णाने निवडायची, नातवाने नाही. इअरफोन एकाच कानात ठेवावा, म्हणजे नर्सची हाक ऐकू येते. बर्नार्डी यांच्याच पुढच्या एका प्रयोगात आणखी एक छान गोष्ट दिसली: वेगवेगळ्या संगीताच्या मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली, तर रक्तदाब आणि नाडी त्या शांततेत सर्वांत खाली आली, संगीत सुरू व्हायच्या आधीपेक्षाही खाली. त्यामुळे झोपताना लावायच्या यादीत दोन गाण्यांच्या मध्ये तेवढी रिकामी जागा ठेवा.

आवाजाची मर्यादा मात्र पक्की आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्यातून ४० तास चालतात. ९० डेसिबल झाले की फक्त ४ तास. इअरफोन लावलेला असताना हातभर अंतरावरच्या माणसाचं बोलणं ऐकू आलं नाही, तर आवाज जास्त आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीजवळ तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन उभे राहणारे आईबाप दरवर्षी दिसतात. त्यांनी निदान रस्त्याच्या पलीकडे जावं, आणि बाळाच्या कानांवर आवाज अडवणारे, कान झाकणारे मफ घालावेत. कापूस घालून काही उपयोग होत नाही.